सांबा, बोसा, क्लावे आणि आमचा बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळताना लोक येऊन हेच प्रश्न विचारतात, मेसेजमध्येही हेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. मी बेस वाजवतो, त्यामुळे उत्तरांत बेसची बाजू जरा जास्त घेतली गेली असेल तर चालवून घ्या. ड्रमरने वाचून दोन ठिकाणी हरकत घेतलीये, ती हरकतही तशीच ठेवलीये.

तुम्ही नक्की काय वाजवता?

ब्राझीलचे ठेके (सांबा, बोसा नोवा वगैरे), थोडे क्युबाचे, त्यावर जॅझच्या कॉर्ड्स आणि सोलो, आणि बहुतेक चाली आमच्या स्वतःच्या. पाच जण आहोत: नायलॉन तारांची गिटार (ती वाजवणारीच गाते), कीबोर्ड, बेस, ड्रम्स आणि पर्कशन. कंपनी नाही, मॅनेजर नाही, पोस्टर पर्कशनवाला बनवतो आणि हिशोब कीबोर्डवाली ठेवते कारण बाकी कुणाला जमत नाही.

म्हणजे साल्साच ना?

नाही ओ. हा प्रश्न इतक्यांदा येतो की स्टेजवरून उत्तर द्यायचं आम्ही सोडून दिलंय, पण इथे नीट सांगतो. साल्साचं मूळ क्युबाच्या सोन नावाच्या संगीतात आणि त्याला आज आपण ओळखतो तो आकार मिळाला न्यूयॉर्कमध्ये, तिथल्या पोर्तोरिको-क्युबाच्या वादकांच्या हातून, १९६० आणि ७० च्या दशकांत. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मसुची यांनी फानिया रेकॉर्ड्स सुरू केली आणि मग ते सगळं जगभर गेलं. सांबा वेगळ्या घरातला. तो रिओचा, त्याच्या मागे ब्राझीलच्याच बाहिया राज्यातून आलेली माणसं, आणि त्यांच्याही मागे अंगोला-काँगोकडून गुलाम करून आणलेल्या लोकांचे ढोल. दोन्हीकडे आफ्रिकाच आहे हे खरं, पण वेगवेगळी वाद्यं, वेगवेगळा इतिहास, त्यामुळे वजन पडतं ती जागाच वेगळी. कानाला एकदा कळलं की परत गोंधळ होत नाही. सांब्यात खालचा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर पडतो, साल्सात बेस पहिली मात्रा गाळूनच पुढे जातो.

मग गाणी स्पॅनिशमध्ये असतात का?

ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात. आमची चार-दोन गाणी पोर्तुगीजमध्ये आहेत, क्युबाच्या ठेक्यावरचं एक स्पॅनिशमध्ये, बाकी शब्दांशिवाय किंवा मराठीत.

मराठी शब्द या तालावर बसतात?

बसतात, पण सरळ बसत नाहीत. आपली सवय अशी की दीर्घ अक्षर समेवर किंवा जोरदार मात्रेवर ठेवायचं आणि ऱ्हस्व अक्षरं मधे भरायची. बोसात हे केलं की गाणं लगेच मार्चिंग बँडसारखं होतं. तिथे दीर्घ अक्षर मात्रेच्या अर्धं आधी उचलावं लागतं आणि मात्रेवर काहीच म्हणायचं नाही, ती गिटारला सोडायची. आमची गायिका आधी पूर्ण ओळ नुसती बोलून बघते, टाळी देत, आणि ज्या ओळीत टाळी आणि दीर्घ अक्षर सारखे एकत्र पडतात ती ओळ बदलते. शब्द कितीही आवडता असला तरी. याच्यावरून वाद होतात, जिंकते तीच.

बोसा नोवा म्हणजे लिफ्टमध्ये लागतं ते हळू संगीत ना?

लिफ्टमध्ये लागतं हा बोसाचा दोष नाही. पण हो, प्रश्न रास्त आहे कारण बऱ्याच लोकांनी ते तिथेच ऐकलेलं असतं, आणि तिथे जे लागतं त्यातून ठेका काढून टाकलेला असतो, उरतं ते नुसतं गुळगुळीत.

मूळ गोष्ट अशी. १९५८ मध्ये जोआओ जिल्बेर्तोने ‘शेगा जि साउदाजी’ रेकॉर्ड केलं, चाल टॉम जोबिमची, शब्द विनिसियस दि मोराइसचे. त्याआधी ब्राझीलमधले बहुतेक मोठे गायक भरदार आवाजात, कंप देत गायचे. हा माणूस बोलल्यासारखं गायला, कंप नाही, जोर नाही, आणि खालून गिटार असं वाजवलं की सांब्याचा अख्खा ताफा एका हातात आला. अंगठा खालच्या तारांवर सुर्दो वाजवतो, म्हणजे तो मोठा ढोल, आणि उरलेली बोटं एकत्र कॉर्ड उचलतात ती ताम्बोरिमच्या जागी, ताम्बोरिम म्हणजे तळहाताएवढा चपटा ढोल, काडीने वाजवतात. अंगठा घड्याळासारखा सरळ आणि बोटं त्याच्या पुढे-मागे. त्यात आवाज तिसरीकडेच, कधी कॉर्डच्या आधी, कधी उशिरा, आणि तरी ओळ संपताना बरोबर जागेवर. हे ऐकायला शांत वाटतं. वाजवून बघा एकदा, गाता गाता. आमची गिटारवाली आधी दुसरं संगीत व्यवस्थित शिकलेली, तरी गाणं आणि अंगठा एकमेकांना चिकटू नयेत यावर तिने किती संध्याकाळी घालवल्या ते तिलाच माहीत.

तर शांत आहे ते आवाजाच्या पातळीत. आत भरपूर चाललेलं असतं.

सांबा आणि बोसामध्ये मग फरक काय?

ठेक्याचा सांगाडा एकच. सांबा रस्त्यावर, घोळक्यात, जोरात. बोसा खोलीत, एक गिटार आणि खालच्या पट्टीत आवाज. सांबा लिहितात २/४ मध्ये. रस्त्यावरच्या सांब्यात मोठे ढोल तीन प्रकारचे असतात: सगळ्यात खालच्या आवाजाचा दुसऱ्या मात्रेवर, त्याहून थोडा वरचा पहिल्या मात्रेवर उत्तर देतो, आणि तिसरा मधल्या जागा कापत फिरतो. त्यावर काइशा आणि रेपिनिकी (छोटे ढोल), आगोगो (दोन घंटा), कुईका वगैरे. कुईका म्हणजे तो माकडासारखा हसणारा आवाज, ढोलाच्या आतून काठी बसवलेली असते, ओल्या फडक्याने ती घासायची आणि बाहेरून कातडीवर बोट दाबून सूर बदलायचा. बोसामध्ये यातलं बहुतेक सगळं गेलं आणि कॉर्ड्स मात्र फार पुढे गेल्या, तिथे जॅझ आणि फ्रेंच संगीतकारांचा प्रभाव दिसतो.

ड्रमरची पहिली हरकत: “मी बोसा वाजवतो तेव्हा लोकांना वाटतं मी काही करत नाहीये.” नोंद घेतली.

क्लावे क्लावे म्हणतात ते काय असतं, सोप्यात सांगा

१६ पर्यंत मोजा, एका लयीत, सारखं. टाळी द्या १, ४, ७, ११ आणि १३ वर. परत १ पासून. झालं, ही सोन क्लावे. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्या अर्ध्यात दोन, म्हणून तीन-दोन म्हणतात. अर्धे उलटे केले की दोन-तीन. तिसरी टाळी ७ ऐवजी ८ वर ढकलली की रुम्बा क्लावे, आणि एवढ्याशा बदलाने अख्खी खोली तिरकी होते.

क्युबाच्या संगीतात हे पाच ठोके कायद्यासारखे असतात. कुणी प्रत्यक्ष वाजवत नसलं तरी पियानो, बेस, काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल), गायकाची ओळ, सगळं त्याच्या बाजूने उभं असतं, आणि चाल एका बाजूने आणि पियानो दुसऱ्या बाजूने चालायला लागला की जाणकार लगेच तोंड वाकडं करतात. पियानो तेच तेच वळण फिरवत राहतो त्याला मोंतुनो म्हणतात. आणि बेस, आता इथे थोडं थांबू द्या मला, बेस पहिल्या मात्रेवर वाजतच नाही. चारच्या मात्रा धरल्या तर दोनच्या नंतरच्या अर्ध्यावर एक सूर, चौथ्यावर एक सूर, आणि तो चौथा पुढच्या आवर्तनात ओढत न्यायचा, शिवाय तो सूर पुढच्या कॉर्डचा असतो, जी अजून आलेलीच नाहीये. सम रिकामी जाते. समेवर येण्याची सवय अंगात मुरलेली असते आपल्या, त्यामुळे सुरुवातीला पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. मग एक दिवस सुटतं आणि नंतर समेवर वाजवायला सांगितलं की कंटाळा येतो.

ब्राझीलच्या बाबतीत मात्र क्लावे जपून वापरा. बोसाचा म्हणून जो ठेका शिकवतात तो १, ४, ७, ११, १४ असा आहे, शेवटचा ठोका एक घर पुढे. बरेच जण त्याला ‘बोसा क्लावे’ म्हणतात आणि अख्ख्या गाण्यात तोच एक ठोकत बसतात. ब्राझीलचे वादक तसा विचार करत नाहीत, तिथे ताम्बोरिमची ओळ सतत बदलत असते, प्रश्न विचारल्यासारखी. आम्ही रिमवर (ड्रमच्या कडेवर) तो ठेका पूर्ण गाणंभर वाजवत नाही याचं कारण हे.

ड्रमर आहे तर वेगळा पर्कशनवाला कशाला?

कारण ड्रम सेट म्हणजे चार-पाच माणसांचं काम एका माणसाला दिलेलं आहे. सांबा त्यावर वाजवता येतो, १९६० च्या दशकात रिओ आणि साओ पावलोमध्ये पियानो-बेस-ड्रम्सचे जे ट्रिओ होते, तांबा ट्रिओ, झिंबो ट्रिओ, त्यांनी ते अप्रतिम करून दाखवलंय. पण पांदेरो आला की हवा बदलते. दिसायला खंजिरीसारखा, पण चकत्या आत वळलेल्या असतात त्यामुळे छनछन लांबत नाही, कोरडी आणि तुटक येते. डाव्या हाताचा अंगठा किंवा मधलं बोट कातडीवर दाबून ढोलाचा आवाज बंद-उघडा करायचा, उजव्या हाताचा अंगठा खालचा ठोका, मग बोटांची टोकं, मग तळव्याची टाच, परत टोकं, आणि चौकट धरणारा हात मनगटातून हलत राहतो, म्हणजे अर्धं वाद्य मारल्याने वाजतं आणि अर्धं हलवल्याने. आमचा पर्कशनवाला बोलत बोलत हे करतो, बघायला राग येतो.

अडचण एकच, दोघं मिळून जागा भरून टाकतात. आमचा नियम असा की पांदेरो चालू असताना ड्रमरने हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) हाताने वाजवायचा नाही, फक्त पायाने. दोन्ही आवाज एकाच उंचीवर आहेत, दोन्ही सोळा सोळा भाग वाजवतात, आणि दोघांचा झोल एकसारखा नसला की सगळं चिखल होतं. तसंच सुर्दो असेल तर किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल) हलका, आणि मी खालचे लांब सूर सोडून आखूड वाजवतो. ड्रमरची दुसरी हरकत इथे होती, की बेसवाला हे लिहितो पण पाळत नाही.

हा झोल म्हणजे काय?

कागदावर सांब्याचे सोळावे भाग सारखे दिसतात. प्रत्यक्षात सारखे नसतात. चार भागांतले काही आपल्या जागेवरून जरा सरकलेले असतात, पहिल्यावर आणि चौथ्यावर वजन, आणि लय वाढली की हा फरक कमी-जास्त होतो. जॅझच्या स्विंगसारखं दोनास-एक नाही आणि सरळही नाही. हे नोटेशनमध्ये लिहून कुणालाच आलेलं नाही, ऐकूनच येतं. कॉम्प्युटरवर सगळे ठोके रेषेवर ओढून बसवले, म्हणजे ज्याला क्वांटाइझ म्हणतात ते केलं, की सांबा मरतो, हे घरी पाच मिनिटांत करून बघता येईल.

यात जॅझ कुठे आहे?

कॉर्ड्समध्ये, सोलोमध्ये, आणि इतिहासात. १९४७ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने चानो पोझो या क्युबन काँगावादकाला आपल्या बँडमध्ये घेतलं आणि त्यातून ‘मान्तेका’ ही चाल आली. त्याच्याही आधी मारियो बाउझा आणि माचितो हे क्युबन संगीतकार न्यूयॉर्कमध्ये १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच क्युबन ताल आणि जॅझचा ब्रास एकत्र वाजवत होते, बाउझाचं नाव मात्र कमी घेतलं जातं. ब्राझीलची बाजू म्हणाल तर फेब्रुवारी १९६२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड यांनी एका दिवसात ‘जॅझ सांबा’ रेकॉर्ड केला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कार्नेगी हॉलला बोसाचा मोठा कार्यक्रम झाला, आणि मग ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ या अल्बमने १९६५ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेतलं. त्या अल्बमवरचं ज्या गाण्याने सगळ्या जगाला वेड लावलं ते अ‍ॅस्ट्रुड जिल्बेर्तोच्या आवाजात होतं आणि मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हतं. आम्ही आमच्या रेकॉर्डिंगवर शेकर हलवणाऱ्याचंही नाव टाकतो त्यामागे हे एक कारण आहे.

आम्हाला स्वतःला जास्त जवळचा काळ त्याच्या नंतरचा. एर्मेतो पास्कोआल आणि आइर्तो मोरेरा हे ब्राझिलियन वादक आधी क्वार्तेतो नोवो नावाच्या बँडमध्ये एकत्र होते, ईशान्य ब्राझीलचे ठेके जॅझच्या मोकळेपणाने वाजवायचे. पुढे आइर्तो माइल्स डेव्हिसबरोबर वाजवू लागला, नंतर फ्लोरा पुरिमबरोबर चिक कोरियाच्या रिटर्न टू फॉरेव्हरमध्ये. आणि आझिमुथ: कीबोर्ड, बेस, ड्रम्स, तीनच माणसं, सांबा आणि फंक एकमेकांत विरघळलेले. बँड काढावा असं वाटलं ते आझिमुथ ऐकून.

सांबा-बोसा सोडून आणखी काय काय आहे?

भरपूर. बाइयाओ घ्या, ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागातला, अ‍ॅकॉर्डियन, झाबुम्बा नावाचा दोन्ही बाजूंनी वाजणारा ढोल आणि लोखंडी त्रिकोण, एवढ्यावर चालतो, १९४० च्या दशकात लुइझ गोंझागाने तो देशभर पोचवला. त्याच्या चालीत कोमल निषाद आणि कधी कधी तीव्र मध्यम येतो, त्यामुळे आपल्या कानाला चटकन ओळखीचं वाटतं. पेर्नाम्बुको राज्याचा माराकातू आहे, दोरीने ताणलेल्या आल्फाया ढोलांचा, तो छोट्या खोलीत वाजवू नका. आणि इजेशा, हा माझा आवडता, संथ, डोलणारा, आगोगोच्या दोन घंटांवर चालणारा, बाहियातल्या कांदोम्ब्ले (आफ्रिकी मुळांचा धर्म) पूजेतून रस्त्यावर आलेला. साल्वादोरमध्ये १९४९ साली गोदी कामगारांनी एक मंडळ काढलं जे आजही कार्निव्हलला पांढऱ्या-निळ्या वेशात इजेशा वाजवत निघतं, आणि त्याचं नाव ‘फिल्योस दि गांधी’, गांधींची मुलं. गांधीजी गेल्याला एक वर्ष झालं होतं.

तुमचा या संस्कृतीशी काय संबंध? दुसऱ्याचं उचलणं नाही का हे?

प्रश्न आम्हीही एकमेकांना विचारतो, आणि उत्तर ‘संगीताला सीमा नसते’ असं देऊन सुटता येत नाही. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून ४० लाखांहून जास्त माणसं गुलाम म्हणून आणली गेली, गुलामी कायद्याने संपली १८८८ मध्ये, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं काळ्या लोकांचे ढोल म्हणजे पोलिसांच्या लेखी भानगड होती. जोआओ दा बायाना या वादकाचा पांदेरो पोलिसांनी जप्त केला आणि मग एका सिनेटरने त्याला स्वतःची सही असलेला नवा पांदेरो दिला, की परत कुणी हात लावू नये, अशी गोष्ट रिओत सांगितली जाते. रिओतल्या तिया सियाता या बाईच्या घरी पुढच्या खोलीत सभ्य संगीत आणि मागच्या अंगणात सांबा चालायचा. त्याच मंडळींमधल्या दोंगा या वादकाच्या नावावर ‘पेलो तेलेफोने’ हे सांब्याचं गाणं नोंदवलं गेलं आणि १९१७ च्या कार्निव्हलला ते गाजलं, तरी ते एकट्याचं होतं का यावर तेव्हापासून भांडण आहे.

एवढं सगळं माहीत झाल्यावर चेहऱ्याला रंग फासून, पिसं लावून ‘ब्राझिलियन नाइट’ करायची इच्छा राहत नाही. आम्हाला तसं करायला सांगणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. पूजेतले ठेके जसेच्या तसे, त्या देवतांची नावं घेऊन, स्टेजवर वाजवत नाही. इजेशा वाजवतो कारण तो त्यांनीच रस्त्यावर आणला. ठेका कुठला हे गाण्याआधी एका वाक्यात सांगतो. यावर समाधान नसेल होत तर ठीक आहे, आमचंही पूर्ण होत नाही.

पोर्तुगीज न येता गाता कसे?

अर्थ पूर्ण समजून घेतल्याशिवाय गात नाही, आणि उच्चार एका बोलणाऱ्याकडून तपासून घेतो. रिओकडे ‘दि’ आणि ‘ति’ हे ‘जि’ आणि ‘चि’ होतात, शब्दाच्या शेवटचा ‘ओ’ बहुतेकदा ‘उ’ होतो, आणि नाकातले स्वर तर मराठी माणसाला इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपे जातात. ऐकून ऐकून देवनागरीत लिहिलेलं गाणं आणि बाजूला मूळ रोमन, असा कागद गायिकेकडे असतो.

दुसऱ्यांची गाणी वाजवली तर कॉपीराइटचं काय?

याच्यात लोक फार गोंधळ घालतात. स्टेजवर वाजवताना साधारणपणे परवाना जागेच्या मालकाने किंवा आयोजकाने घ्यायचा असतो, त्या त्या देशातल्या संस्थेकडून, आणि आपण वाजवलेल्या गाण्यांची यादी द्यायची. रेकॉर्ड करून विकायचं किंवा स्ट्रीमिंगवर टाकायचं असेल तर वेगळा परवाना. व्हिडिओ असेल तर त्याचा आणखी वेगळा. आणि मूळ शब्दांचं भाषांतर करून गायचं असेल तर हक्कधारकाची थेट परवानगी, ती मिळायला वेळ लागतो किंवा मिळतच नाही. ‘जुनं आहे, चालतंय’ असं समजू नका: जोबिम १९९४ मध्ये गेला, आणि बऱ्याच देशांत हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, म्हणजे हिशोब करा. ठेक्यावर मात्र कुणाचा कॉपीराइट नसतो, बोसाचा पॅटर्न कुणालाही वाजवता येतो. म्हणूनही आमची स्वतःची गाणी जास्त.

पैसे मिळतात का यात?

जगण्याइतके नाही. पाचही जणांची दुसरी कामं आहेत.

थोडं उघड सांगतो. स्ट्रीमिंगमधून येतं ते नावापुरतं. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असं केलंय की मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा वाजलं नाही त्या गाण्याला काहीच मिळत नाही, आणि शब्द नसलेल्या सात मिनिटांच्या सांब्याला तो आकडा सहज पार होत नाही. बँडकॅम्पवर परिस्थिती बरी, ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के घेतात, उरलेलं पेमेंटचा खर्च वजा होऊन आपल्याकडे येतं, आणि कुणी विकत घेतलं हे कळतं. प्रत्यक्ष कार्यक्रम आणि त्यानंतर टेबलावरची विक्री, खरं यातूनच पुढच्या रेकॉर्डिंगचा खर्च निघतो. वाटणी आम्ही अशी ठरवलीये: कार्यक्रमाचे पैसे पाच समान भाग आणि एक सहावा भाग बँडच्या खात्यात, गाण्याचे हक्क ज्याने चाल किंवा शब्द केले त्याचे, पण ठेका ज्याने बसवला त्यालाही संगीतकारात धरतो. हा शेवटचा मुद्दा पर्कशनवाल्याने भांडून घेतलाय आणि तो बरोबर आहे, या संगीतात ठेका काढला तर गाणं उरत नाही. हे सगळं मैत्री चांगली असतानाच कागदावर लिहून ठेवा.

रेकॉर्डिंग क्लिकवर (कानात लयीची टिकटिक लावून) करता का?

बहुतेक नाही. एकाच खोलीत, सगळे एकदम, आवाज तेवढा नंतर. नायलॉन गिटार फार हळू असते आणि शेजारी ड्रम्स असतात, त्यामुळे गिटारवाली काचेच्या पलीकडे बसते, पण दिसायला हवी, कारण तिच्या अंगठ्याकडे बघून मी वाजवतो. क्लिक लावलंच तर फक्त दुसऱ्या मात्रेवर वाजेल असं लावतो, सुर्दोच्या जागी, मधली जागा आपली आपण सांभाळायची.

साउंड करणाऱ्यांसाठी काही सूचना?

आहेत, आणि कळकळीच्या आहेत. एका ठिकाणी आम्हाला रॉक बँडचं मिक्सिंग मिळालं: किक आणि बेस छातीत बसतील इतके वर, गिटार गायब, पांदेरोचा माइक बंदच, कारण समोरच्याला वाटलं ते शोभेला आहे. लोक म्हणाले छान वाजवलंत, ऐकू काय आलं देव जाणे. तर कृपा करून: गिटार आणि आवाज आधी लावा, मग त्यांच्याभोवती बाकीचं. नायलॉन गिटार पिकअपवर असते, मॉनिटर जोरात केला की घुमते, तर गायिकेचा मॉनिटर बाजूला आणि गिटारचा खालचा घुमणारा भाग कापा. पांदेरोला एक माइक, खालून थोडा लांब. किक ड्रम मऊ हवा, टिकटिक नको. रिव्हर्ब कमी, ठेक्याच्या मधल्या रिकाम्या जागा ऐकू यायला हव्यात. आणि पहिल्या दोन गाण्यांत वाटलं की काहीतरी कमी आहे, तरी फेडर वर करू नका.

तालीम कशी करता?

वाद्यं बाजूला ठेवून सुरुवात. गोल उभं राहायचं, पायाने मात्रा, एकाने सुर्दो तोंडाने, दुसऱ्याने ताम्बोरिम टाळीने, तिसऱ्याने चाल गुणगुणायची, आणि दर काही आवर्तनांनी जागा बदलायच्या. कीबोर्डवालीला पहिल्यांदा हे बालिश वाटलं होतं, आता तीच उशीर झाला की ओरडते. मग एक ठेका, कॉर्ड एकच, खूप वेळ. सोलो कुणी घ्यायचा नाही. कंटाळा आला की लय वाढते, हे हमखास होतं, आणि ती वाढू न देणं हाच सराव. त्यानंतर गाणी.

आवाज कमी करूनही वाजवून बघतो, इतका कमी की बोललं तर ऐकू येईल. जोरात वाजवताना जे झाकलं जातं ते सगळं तेव्हा उघडं पडतं.

नाचायचं असतं की बसून ऐकायचं?

दोन्ही चालेल. फक्त सांब्यावर साल्साच्या स्टेप्स करणाऱ्यांचे पाय तिसऱ्या वळणाला अडकतात, आम्हाला वरून दिसतं. बोसावर कुणी नाचलं नाही तरी आम्हाला वाईट वाटत नाही. बोसा चालू असताना मोठ्याने गप्पा मारल्या तर वाटतं.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

रात्री, हेडफोनवर, जोआओ जिल्बेर्तोचा १९७३ चा त्याच्याच नावाचा अल्बम. जवळजवळ फक्त गिटार, आवाज आणि हलका ठेका, अंगठा आणि बोटं वेगळी ऐकू येतात. मग बेडन पॉवेल (ब्राझीलचा गिटारवादक, स्काउटवाला नव्हे) आणि विनिसियसचा ‘ओस आफ्रो-सांबास’, १९६६ चा, तिथे कळतं की गिटार किती काळोखी वाजू शकते. मोआसिर सांतोसचा ‘कोइसास’, १९६५, ब्रास कसा लिहावा ते. वेन शॉर्टर आणि मिल्टन नासिमेंतोचा ‘नेटिव्ह डान्सर’, १९७५, यात पाहुणा कोण आणि यजमान कोण ते सांगता येत नाही. क्युबासाठी ‘बुएना विस्ता सोशल क्लब’ सगळ्यांनी ऐकलेला असतो, १९९६ मध्ये हवानात रेकॉर्ड झालेला, परत एकदा फक्त बेससाठी ऐका. हो, बेससाठीच.

मला तुमच्यात वाजवायचंय / तुमच्याकडून शिकायचंय

जागा सध्या नाही, पण तालमीच्या शेवटी वाद्यं घेऊन परत एक गोल असतो, त्यात कुणीही येऊ शकतं. पांदेरो नसेल तर काहीही आणा, काडेपेटीसुद्धा चालते, रिओत ती खरंच वाजवतात. ड्रम सेट शिकलेल्यांनी आधी काही महिने शेकर धरावा असा आमचा आग्रह असतो आणि बहुतेक लोक इथेच परत जातात. जे राहतात त्यांना दुसऱ्या टप्प्यात सुर्दो मिळतो, त्यात करायचं एवढंच की दुसऱ्या मात्रेवर एक ठोका, आणि पहिल्या मात्रेवर कातडीवर हात ठेवून गप्प.

गाण्यांचे चार्ट मिळतील का?

आमच्या स्वतःच्या गाण्यांचे मागितले तर देतो, फुकट. कॉर्ड्स आणि चाल लिहिलेली असते, ठेका लिहिलेला नसतो, त्याच्यासाठी सोबत फोनवर रेकॉर्ड केलेलं सुर्दो आणि ताम्बोरिमचं दोन मिनिटांचं ऑडिओ पाठवतो. ते आधी ऐका, चार्ट नंतर उघडा.